सहा अधिक इम्पॅक्ट फॅक्टर

गेले काही महिने माझ्या तावडीत सापडेल त्याला मी शेतीशास्त्राच्या जर्नलांची क्रमवारी कशी लावतात हे सांगत सुटले आहे. घरचे कंटाळले, ऑफिसातल्या दोघी डबा घेऊन पलीकडच्या टेबलावर बसायला लागल्या, तरी माझं आपलं चालूच. माझा शेतीशी संबंध घाटकोपरच्या भाजी मार्केटपुरता आणि विज्ञानाशी दहावीपुरता. पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचे हिशेब लिहिते. पण आकड्यांची इतकी रंगतदार भानगड मी आजवर पाहिली नव्हती, आणि ती सापडली कुठे, तर आमच्या मेट्रोच्या दुसऱ्या टोकाला, वर्सोव्यात!

माझी भाची तिथल्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेत पीएचडी करते. १९६१ साली सुरू झालेली, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची ही संस्था १९८९ पासून अभिमत विद्यापीठ आहे. सात बंगल्याच्या एका रस्त्याला लोक फिशरीज युनिव्हर्सिटी रोड म्हणतात, तो हिच्यामुळेच. शेतीशास्त्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राहुरी, अकोला, परभणी, दापोली येतात. पण मत्स्यशेती हीसुद्धा सरकारदरबारी शेतीच. माटुंग्याला कापसाच्या तंत्रावर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे, परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून. म्हणजे मुंबईत शेतीशास्त्र चांगलं शंभरी ओलांडून बसलंय आणि मी इतकी वर्षं त्याच्या आजूबाजूने लोकलने जातेय!

भाची शनिवारी जेवायला आली होती. चेहरा पडलेला.

"पेपर तयार आहे मावशी, पण पाठवायचा कुठे तेच ठरेना."

"जे छापतील त्यांच्याकडे पाठव."

"असं नसतं गं. नास बघायला लागतं. गाईड म्हणतात नास चांगलं हवं. सीनिअर म्हणतात स्कोपसच्या जर्नल-सूचीत आहे का ते बघ. मला वाटतं, जिथे आपली माणसं वाचतील तिथे द्यावा."

"नास म्हणजे?"

तिने सहज सांगितलं आणि माझा हात ताटातच थांबला. नास म्हणजे दिल्लीची राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी. ही अकादमी शेतीशास्त्राच्या जर्नलांना गुण देते. कृषी शास्त्रज्ञांच्या भरतीत आणि बढतीत तुमचा पेपर किती गुणांच्या जर्नलात आला हे पाहिलं जातं. आणि गुण काढायचं सूत्र? जर्नलाचा जो इम्पॅक्ट फॅक्टर असेल, त्यात सहा मिळवायचे. बस्स! कमाल मर्यादा वीस. ज्यांना इम्पॅक्ट फॅक्टरच नाही त्यांना तज्ज्ञांची समिती गुण देते, ते सहापर्यंतच.

सहा का? पाच का नाही? हिशेब लिहिणाऱ्या बाईला असं सूत्र सापडलं की तिची झोप उडते. मी रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले. एका जर्नलाचा इम्पॅक्ट फॅक्टर अर्धा, दुसऱ्याचा पाच. फरक दहापट. सहा मिळवले की एकाचे साडेसहा, दुसऱ्याचे अकरा. फरक दुपटीचासुद्धा उरला नाही! आणि वरच्या टोकाला पाहा. चौदा इम्पॅक्ट फॅक्टरवाल्याचे वीस होतात आणि पन्नासवाल्याचेही वीसच. एका साध्या बेरजेने जागतिक चढाओढीचा अख्खा डोंगर दाबून टेकडी केली. दुसऱ्या दिवशी मी भाचीला फोन करून हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणूनच तर आपली जर्नलं टिकतात. सहा मिळवले नसते तर इंडियन जर्नलांना कुणी पेपरच दिला नसता." मी थक्क! म्हणजे ही नुसती मोजपट्टी नव्हती, धोरण होतं. बेरजेच्या चिन्हात लपवलेलं.

मग मला तो इम्पॅक्ट फॅक्टर मुळापासून हवा झाला.

हिशेब असा. एखाद्या जर्नलाने गेल्या दोन वर्षांत दोनशे लेख छापले. यंदा जगभरच्या नोंद घेतलेल्या जर्नलांनी मिळून आपल्या संदर्भयाद्यांमध्ये त्या दोन वर्षांच्या अंकांचा उल्लेख तीनशे वेळा केला. तीनशे भागिले दोनशे, दीड. झाला इम्पॅक्ट फॅक्टर. मी म्हटलं, एवढंच? मग बारीक अक्षरात पाहिलं तर गंमत दिसली. भागाकारात खाली फक्त शोधनिबंध आणि आढावा लेख मोजतात, पण वर मात्र संपादकीयाचा, पत्रव्यवहाराचा उल्लेख झाला तरी तो धरला जातो. आमच्या ताळेबंदात असा प्रकार केला तर ऑडिटर दारातच उभा राहील!

हे सगळं उभं केलं युजीन गारफिल्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थाने. रसायनशास्त्र शिकलेला आणि ग्रंथालयाच्या कामात रमलेला माणूस. अमेरिकेतले वकील १८७३ पासून शेपर्ड नावाची एक सूची वापरायचे. अमुक निकाल पुढे कोणकोणत्या निकालांत उद्धृत झाला, तो अजून टिकून आहे की फिरवला गेला, हे तीत सापडायचं. त्या सूचीच्या कंपनीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या पत्रातून गारफिल्डला हे कळलं आणि त्याने विचार केला, कायद्यात चालतं तर विज्ञानात का नाही? १९५५ मध्ये त्याने 'सायन्स' साप्ताहिकात ही कल्पना मांडली. आणि धंद्याची सुरुवात त्याने केली कुठे, तर न्यू जर्सीत कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात! शेतीशास्त्राला छळणारा हा आकडा जन्माला आला खुराड्यातून. हे ऐकून भाची इतकी हसली की डी. एन. नगर स्टेशनात उतरायचं विसरली.

१९६१ सालचं साहित्य धरून केलेल्या त्याच्या पहिल्या मोठ्या सूचीत ६१३ जर्नलं आणि चौदा लाख उल्लेख होते. त्या काळात! कोणती जर्नलं सूचीत घ्यावीत हे ठरवण्यासाठी त्याने सहकारी अर्व्हिंग शेर याच्याबरोबर इम्पॅक्ट फॅक्टर बसवला. ग्रंथपालांना अंक निवडायला मदत व्हावी, एवढाच मामला. माणसं निवडण्यासाठी तो नव्हताच. असा वापर करू नका हे गारफिल्ड स्वतः पुढे सांगत राहिला, पण ऐकतंय कोण!

आणि त्याच्याही आधी, १९२७ साली, ग्रॉस आणि ग्रॉस या जोडीने एका रसायनशास्त्राच्या जर्नलाचा एका वर्षाचा अख्खा खंड घेऊन त्यातले संदर्भ हाताने मोजले होते. लहान कॉलेजच्या ग्रंथालयाने तुटपुंज्या पैशात कोणती जर्नलं मागवावीत हे त्यांना ठरवायचं होतं. हाताने मोजले म्हटल्यावर मला राहवेना. आपणही मोजायचं!

भाचीकडून मासे-कोळंबीवरचे, माती-पाण्यावरचे छापील पेपर मागवले आणि शेवटचं पान उघडून संदर्भांच्या सालांवर पेन्सिलीने खुणा करत बसले. दोन वर्षांच्या आतल्या संदर्भांना लाल, पाच वर्षांपर्यंतच्यांना निळी, त्यापुढच्यांना काही नाही. काय सांगू! पानंच्या पानं कोरी राहिली. लाल खुणा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळे दहा, पंधरा, वीस, चाळीस वर्षांपूर्वीचे. इम्पॅक्ट फॅक्टर मोजतो ती फक्त माझी लाल पेन्सिल, हे त्या क्षणी लख्ख दिसलं. शेतीशास्त्राचा बहुतेक सारा ऋणनिर्देश त्या पट्टीच्या बाहेर राहतो!

आणि बाहेर कोण राहतं ते पाहा. मातीतला उपलब्ध नत्र मोजायची एक पद्धत भारतातल्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळांत घरोघरी असावी तशी पसरलेली आहे. सुब्बय्या आणि असिजा, 'करंट सायन्स', १९५६. पानं दोन! ही दोन पानं आजही नव्या पेपरांच्या संदर्भयादीत येतात. पण त्या उल्लेखांतून 'करंट सायन्स'च्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये एका दशांशाचीही भर पडत नाही, कारण १९५८ सालीच त्या पेपरची खिडकी बंद झाली.

याहून मोठा धक्का पुढे होता. पिकांवरच्या पेपरांमध्ये एक जोडनाव पुन्हा पुन्हा यायला लागलं. पानसे आणि सुखात्मे, १९५४. मग आणखी एका पेपरात पानसे आणि सुखात्मे. पंजाबच्या पेपरात, तमिळनाडूच्या पेपरात, आसामच्या पेपरात. कोण हे पानसे-सुखात्मे? आपले! विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सुखात्मे साताऱ्याच्या बुध गावचे, लंडनला संख्याशास्त्र शिकून आलेले, पुढे रोमला जागतिक अन्न आणि शेती संघटनेत गेलेले, १९७१ चे पद्मभूषण. उभ्या पिकातला ठरावीक तुकडा कापून सगळ्या जिल्ह्याच्या उत्पादनाचा अंदाज कसा बांधायचा, याची शास्त्रशुद्ध घडी या दोघांनी कृषी अनुसंधान परिषदेत बसवली. शेतात प्रयोग करणाऱ्यांसाठी त्यांनी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक परिषदेने १९५४ मध्ये छापलं, आणि तेव्हापासून शेतातला प्रयोग म्हटला की आकडेमोडीच्या परिच्छेदात त्यांचं नाव आलंच.

आता बघा हं. हे पुस्तक आहे, जर्नल नाही. म्हणजे त्याला इम्पॅक्ट फॅक्टर नाही, नास नाही, काहीच नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यावर उभ्या राहिल्या, त्याचे गुण शून्य! मी अक्षरशः उठून येरझाऱ्या घालायला लागले. हे म्हणाले, "झोप आता." कुठली झोप!

मासळीतही हाच प्रकार. बोंबलावर काम करणाऱ्याला टाळता न येणारं एक प्रकाशन आहे, एस. व्ही. बापट यांचं, १९७० सालचं. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचं बुलेटिन क्रमांक २१. बोंबील काय खातो, कधी अंडी घालतो, डोल जाळ्यात कसा येतो, सगळं त्यात. ते त्या संस्थेच्या संग्रहात फुकट वाचायला मिळतं, आणि मी ते वाचलं, अगदी मासळी घ्यायला निघायच्या आधी. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात दोऱ्यांवर बोंबील सुकतात तिथून भाचीची संस्था जवळच आहे. पण बोंबलाचं चरित्र लिहिणाऱ्या त्या बुलेटिनला क्रमवारीच्या एकाही तक्त्यात जागा नाही.

इथवर आल्यावर मी मनाशी ठरवून टाकलं होतं की इम्पॅक्ट फॅक्टर हा खलनायक. पण बोरिवलीला एका कॉलेजात ग्रंथपाल असलेली माझी मैत्रीण भेटली आणि तिने दुसरंच दालन उघडलं. "अगं, ती एकच पट्टी थोडीच आहे?" असं म्हणून तिने एकामागून एक नावं टेबलावर टाकली. एसजेआर, स्निप, आयगनफॅक्टर, साइटस्कोर, एच-फाइव्ह. मी कागद मागितला. तिचा चहा गार झाला.

आयगनफॅक्टर आणि एसजेआर यांची कल्पना मला सगळ्यात आवडली. उल्लेख किती झाले एवढंच पाहायचं नाही, कुणी केले तेही पाहायचं. आमच्या सोसायटीत हाडांचा डॉक्टर कोण चांगला, हे दहा शेजाऱ्यांनी सांगितलं तरी एखाद्या नावाजलेल्या सर्जनने "मी माझ्या आईला तिकडेच नेतो" म्हटलं की त्या एका वाक्याचं वजन वेगळं पडतं, तसंच हे. आता यात एक कोडं आहे. नावाजलेला कोण, तर ज्याचा उल्लेख नावाजलेले करतात तो. मग सुरुवात कुठून करायची? तर सगळ्यांना सारखं वजन देऊन सुरू करायचं, हिशेब फिरवायचा, नवी वजनं घेऊन पुन्हा फिरवायचा, आकडे स्थिर होईपर्यंत. गूगलच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये वेबपानांची क्रमवारी याच युक्तीने लावली आणि जग बदललं. पण जर्नलांसाठी पिन्स्की आणि नारिन या दोघांनी ही युक्ती १९७६ मध्येच मांडली होती! आपण रोज हजारदा काही ना काही गूगल करतो, त्याचं मूळ संदर्भयाद्यांच्या अभ्यासात आहे हे मला कुणी कधीच का सांगितलं नाही?

बर्गस्ट्रॉम आणि वेस्ट यांच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या आयगनफॅक्टरमध्ये खिडकी पाच वर्षांची, आणि जर्नलाने स्वतःच्याच लेखांचा केलेला उल्लेख धरतच नाहीत. स्पेनमधून आलेल्या एसजेआरमध्ये खिडकी तीन वर्षांची, आणि स्वतःचे उल्लेख एक-तृतीयांशापुढे मोजत नाहीत. एल्सव्हियरच्या साइटस्कोरमध्ये खिडकी चार वर्षांची. एच-फाइव्ह हा गूगल स्कॉलरचा आकडा. गेल्या पाच वर्षांतल्या निदान चाळीस लेखांना प्रत्येकी निदान चाळीस उल्लेख मिळाले असतील, पण एक्केचाळीस लेखांना एक्केचाळीस मिळाले नसतील, तर एच-फाइव्ह चाळीस. मूळ कल्पना भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांची, २००५ सालची, आणि ती व्यक्तींसाठी होती. बघा, इथेही माणसाची पट्टी जर्नलाला लागली आणि तिकडे जर्नलाची माणसाला!

सरासरीपेक्षा एच-फाइव्ह का बरा, ते एका किश्शावरून कळतं. स्फटिकशास्त्राचं 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका'चं ए विभागाचं जर्नल. २००८ मध्ये इम्पॅक्ट फॅक्टर २.०५१. २००९ मध्ये ४९.९२६! काय घडलं? जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एक लेख. जगभर वापरल्या जाणाऱ्या त्यांच्या संगणकीय आज्ञावलीचा इतिहास त्यात होता, आणि आज्ञावली वापरणाऱ्या प्रत्येकाने त्याचा उल्लेख केला. एका लेखाने सरासरी आभाळाला नेली. बाकीचे लेख होते तिथेच होते. एच-फाइव्हवर अशा एका लेखाचा फारसा परिणाम होत नाही, कारण तिथे तो एकच लेख धरला जातो. आणि तीन दशांश स्थळांपर्यंतचा तो रुबाब पाहिलात? २०२३ पासून, इम्पॅक्ट फॅक्टर जाहीर करणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने एकच दशांश स्थळ ठेवलं, तेव्हा कुठे अनेक जर्नलं एकाच पायरीवर शेजारी शेजारी येऊन बसली.

स्निपने तर मला जिंकलंच. हॉलंडच्या लायडन विद्यापीठात हेंक मूड यांनी तो बांधला. त्यांचं म्हणणं असं की ज्या शाखेत संदर्भयाद्या लांबलचक आणि ताज्या असतात तिथे उल्लेख स्वस्त मिळतात, आणि जिथे याद्या आखूड, संदर्भ जुने, तिथे एकेक उल्लेख महाग. म्हणून उल्लेखांना त्या शाखेच्या सवयीने भागायचं. शेतीशास्त्राला हे किती लागू पडतं! तिच्या छत्राखाली माशांच्या रोगप्रतिकारशक्तीवर रेणूंच्या पातळीवर काम करणारे आहेत, त्यांचं विज्ञान दर सहा महिन्यांनी पुढे सरकतं. आणि त्याच छत्राखाली खरिपाची वाट पाहणारे आहेत. एक प्रयोग, किमान दोन-तीन हंगाम. आंब्याचं तर विचारूच नका. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये 'रत्ना' दिला. मग रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 'सिंधू' आला तो १९९२ मध्ये. एका संकराने दुसऱ्या संकराचं ऋण मानेपर्यंत अकरा वर्षं गेली. दोन वर्षांची खिडकी घेऊन आंब्याच्या झाडाखाली बसलेल्या माणसाला मोहोरसुद्धा दिसणार नाही!

मग मी माझा तक्ता केला. उभ्या रकान्यात भाचीची आणि तिच्या मैत्रिणींची जर्नलं, आडव्या ओळीत पट्ट्या. घाटकोपर ते वर्सोवा मेट्रोत उभ्याने आकडे भरत गेले. साकीनाक्याला गर्दी अंगावर यायची, तरी मोबाइलवरचा तक्ता सोडत नव्हते. आणि हळूहळू चित्र उमटलं. अगदी वरची आणि अगदी खालची जर्नलं जवळपास सगळ्या पट्ट्यांत आपापल्या जागी राहतात. उलथापालथ होते ती मधल्या गर्दीत. इथे एका पट्टीने पहिल्या दहात असलेलं जर्नल दुसरीने पार खाली जातं. बहुतेक ओळींत पाच वर्षांचा इम्पॅक्ट फॅक्टर दोन वर्षांच्यापेक्षा मोठा निघाला. शेतीचं पीक उशिरा हाती येतं, ते तक्त्यातही दिसलं!

सगळ्यात मजेची जोडी 'ॲक्वाकल्चर' आणि 'रिव्ह्यूज इन ॲक्वाकल्चर'. पहिलं १९७२ पासूनचं अवाढव्य जर्नल, वर्षाला ढीगभर लेख. दुसरं २००९ चं, मोजके आढावा लेख छापणारं. आढावा लेखांना उल्लेख जास्त मिळतात, कारण दहा मूळ पेपर शोधण्यापेक्षा एका आढाव्याचं नाव देणं सोपं. त्यामुळे इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये दुसरं वर. पण एच-फाइव्ह पाहिला, तर पहिलं वर, कारण तिथे पसारा उपयोगी पडतो. मग श्रेष्ठ कोण? इतके दिवस मी हाच प्रश्न विचारत होते. आता मला तो प्रश्नच अर्धवट वाटतो. एका लेखामागे सरासरी किती दखल घेतली जाते, हे विचारायचं असेल तर एक उत्तर. या विषयातली भरीव कामं कुठे जास्त साचली आहेत, हे विचारायचं असेल तर दुसरं. प्रत्येक आकड्याच्या पोटात एक प्रश्न असतो आणि क्रमवारी लावणारा तो प्रश्न आपल्याला न सांगता नुसतं उत्तर हातात ठेवतो.

हे काही मला एकटीलाच सुचलंय असं नाही! २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादक-प्रकाशकांनी, जर्नलाच्या आकड्यावरून माणसाचं काम जोखू नका असं जाहीरनाम्यातच लिहून ठेवलं. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने दहा तत्त्वं दिली, त्यांतलं एक मला फार भावलं. स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपा. कोळंबीच्या तळ्याचं पाणी पालघरात कसं ठेवावं, हे वॉशिंग्टनमध्ये कुणी उद्धृत करणार नाही. पण पालघरात ते लागतं.

आकड्याच्या हव्यासातून काय उगवतं तेही आपल्याकडे नोंदलं गेलंय. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त जर्नल-यादीची चिरफाड केली, तेव्हा विद्यापीठांनी सुचवलेल्या तपासलेल्या जर्नलांपैकी बहुसंख्य निकषांना उतरलीच नाहीत. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नावं काढून टाकली. पुढे २०१९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या मदतीने केअर यादी आली, २०२५ मध्ये तीही गुंडाळली. भाचीच्या ईमेलमध्ये रोज कुणीतरी 'आदरणीय सर' असं संबोधून, भारदस्त नावाचा एखादा बनावट इम्पॅक्ट फॅक्टर दाखवून पेपर मागतं. आधी आम्ही दोघी वैतागायचो, आता तो आकडा कोणत्या खिडकीचा, कोणत्या भागाकाराचा हे विचारतो. उत्तर येत नाही!

आणि एक गोष्ट कुठल्याच पट्टीत मावत नाही. याच वर्सोव्याच्या संस्थेचं हरियाणात रोहतकला केंद्र आहे. तिथे जमिनीखालचं पाणी खारट होऊन शेतं वाया जात होती. त्याच खाऱ्या पाण्यात कोळंबी वाढवता येते हे तिथे करून दाखवलं गेलं. ज्या शेतकऱ्याने पडीक जमिनीत तळं खोदलं तो संदर्भयादी लिहीत नाही. त्याचा उल्लेख म्हणजे त्याचं तळं.

भाचीने शेवटी काय केलं? आम्ही दोघींनी, मी आणि बोरिवलीच्या मैत्रिणीने, तिच्यासमोर तीन प्रश्न ठेवले. हा पेपर कुणाच्या हाती पडायला हवा? या विषयातला लेख किती वर्षांनी कामाला येतो? आणि नोकरीच्या अर्जात तुला खरोखर किती गुण कमी पडतात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं इतकी स्वच्छ होती की तिसऱ्यापाशी घासाघीस झालीच नाही. पेपर गेला 'इंडियन जर्नल ऑफ फिशरीज'कडे. १९५४ पासूनचं हे जर्नल, देशभरातले मासळीवाले वाचतात, आणि अंक इंटरनेटवर कुणालाही खुले. नास सहा पूर्णांक थोडं काहीतरी. गाईडना तिने दोन्ही बाजूंचे आकडे मांडून दाखवले, आणि तेही तयार झाले. पुढचा पेपर रेणूंवरचा आहे, तो बाहेर पाठवायचा असं ठरलंय, कारण तिथे प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात.

तुम्हालाही चाखून पाहायचं असेल तर पैसे लागत नाहीत. इम्पॅक्ट फॅक्टरचा पूर्ण तक्ता विकतचा आहे, पण एसजेआर, गूगल स्कॉलरचे एच-फाइव्ह, नासचे गुण सगळे उघडे आहेत. शेतीतलं एखादं जर्नल निवडा, दोन पट्ट्या लावा आणि क्रम का बदलला ते शोधा. आणि घरात कुणाचा पेपर छापून आला तर अभिनंदन करायच्या आधी शेवटचं पान उघडा, लाल-निळी पेन्सिल घ्या. मी सध्या राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या पेपरांत पानसे-सुखात्मे शोधतेय आणि कुणी थांबवेपर्यंत थांबणार नाही!